शहर टांगलं आहे, बघून जा

शेजारी पिठाची गिरणी असावी, बँडवाल्यांची तालीम असावी, एखादा भांडकुदळ वकीलही चालेल. पण चित्रांची गॅलरी असू नये. माझ्या कृषी केंद्राला ती भिंतीला भिंत लागून आहे. जुन्या जिनिंगमधली सरकी ठेवायची खोली आमच्या निवृत्त ड्रॉइंग सरांनी चुना मारून पांढरी केली, पिवळे बल्ब लावले आणि बाहेर पाटी ठोकली. तेव्हापासून चित्रकार कोणीही असो, प्रेक्षक मीच. खुर्च्या माझ्या, वीज माझ्या मीटरवरची, आणि उद्घाटनाला गर्दी दिसावी म्हणून बियाण्याची चौकशी करायला आलेले शेतकरीही माझेच.

बरं, चित्रं कसली? तर शहराची. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात म्हणे बैलगाड्या आणि कंदील टांगतात. आमच्या कापसाच्या गावात डोंबिवलीच्या इमारती, लोकलचे खांब, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि बाल्कनीत वाळणारे टॉवेल. इकडच्याने तिकडचं पाहावं, असं सरांचं म्हणणं. पाहू की! पण मे महिन्यात? चित्रकार मंडळी सुटीत गावी येतात तेव्हाच प्रदर्शन भरतं, आणि तेव्हा आमच्याकडे पारा 45 च्या खाली यायला तयार नसतो.

उद्घाटनाचं भाषण मला पाठ आहे. सुरुवात रझांपासून. सय्यद हैदर रझा नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मुंबईला गेले आणि तिथे आधी रस्ते नि गल्ल्याच जलरंगात रंगवल्या. त्यांच्या चित्रांतला तो जगप्रसिद्ध बिंदू, म्हणजे काळा गोल, पुष्कळ नंतरचा. मग ठाण्याचे सुधीर पटवर्धन. पेशाने एक्स-रेचे डॉक्टर. पेशंट सांभाळून उपनगरातली माणसं आणि वाढत चाललेल्या इमारती रंगवत राहिले. मग गाडी थेट पॅरिसला. पिसारो नावाच्या चित्रकाराने 1897 साली हॉटेलच्या खिडकीत बसून एकच रस्ता रंगवला. सकाळी, पावसात, रात्री. तब्बल 14 चित्रं!

"एकच रस्ता चौदा खेपा?" मागून एका काकाजींनी विचारलं. "गुत्तेदार होता काय जी तो?"

सगळे हसले. सर हसले नाहीत, कारण पहिल्या रांगेत खरोखरचा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, बसला होता आणि तर्री-पोहे त्याच्या खर्चाने होते.

पण खरा छळ भाषणानंतर. चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं, याचा कुठे नियम लिहिलेला नाही. लवकर सरकलो तर अपमान, रेंगाळलो तर चित्रकार मागे येऊन उभा राहतो. बोलत काही नाही, नुसता उभा. मग आपल्याला बोलावं लागतं. माझ्याकडे त्यासाठी 'पर्स्पेक्टिव्ह जबरदस्त आहे' हे एकच वाक्य आहे, आणि ते युरियापेक्षा जास्त खपलं आहे.

यंदा त्यात कूलरची भर पडली. सरांनी वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर लावला आणि गावात बातमी पसरायला पोहे संपायचाही वेळ लागला नाही. हॉल खच्चून भरला. चित्रं मात्र जलरंगातली, काचेविना. दुपारपर्यंत दमट हवेने कागद फुगला आणि डोंबिवलीच्या ताठ इमारतीला मधोमध पोट सुटल्यासारखं झालं. चित्रकाराने धावत जाऊन कूलर बंद केला, तर हॉल रिकामा. चालू केला, तर माणसं हजर आणि इमारत पुन्हा फुगलेली. कोणाला वाचवावं हे सरांना कळेना.

"बांधकामच कच्चं असन," काकाजी म्हणाले.

सात नंबरच्या चित्रासमोर मात्र एक माणूस कूलरकडे पाठ करून उभा होता. पुण्यात वाघोलीकडे सिक्युरिटीची नोकरी करून परत आलेला आमचा भाऊ. चित्रात उपनगरातला उंच टॉवर, संध्याकाळ, प्रत्येक खिडकीत उजेड.

"गेट हाये, पण केबिन कुठं हाये?"

"केबिन दाखवली की रचनेचा तोल जातो," चित्रकार म्हणाला.

"तोल जाईन, पण रात्री गाडी आली तं दांडा कोन उचलन?" भाऊने बोट वर नेलं. "अन् इतक्या खिडक्यांत लाइट नसते जी. अर्धे फ्लॅट खालीच राह्यतात. घेऊन ठेवलेले. मी रात्री खालून पाह्यत बसो ना."

चित्रकाराने खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. माझं पर्स्पेक्टिव्ह त्याने कधी लिहून घेतलं नव्हतं.

निघताना अभिप्रायाची वही. हा शेवटचा फास. आधीच्या पानांवर 'सुंदर', 'अतिसुंदर', 'असेच चालू ठेवा', आणि एका पोट्ट्याने काढलेला ट्रॅक्टर. भाऊने वही घेतली, पट्टी मागितली, रेघा मारून रकाने पाडले आणि सराईत हाताने भरलं: नाव. गाव. गाडी नंबर: पायी. कोणाकडे काम: चित्र नं. 7. आत 3.10, बाहेर 3.45. सही.

पुढच्या लोकांना केवढा हुरूप आला! अभिप्राय द्यायला घाबरणारा गडी एंट्री करायला घाबरत नाही. रांग लागली. मीही सुटलो, वेळ टाकली, सही केली. संध्याकाळी सर चष्मा लावून वही वाचत बसले. एवढी भरगच्च वही त्यांनी आजवर पाहिली नव्हती. फक्त 'कोणाकडे काम' या रकान्यात बहुतेकांनी 'कूलर' लिहिलं होतं.