तळं एका पंचायतीचं, पाणी तीन पंचायतींचं

गेल्या मे महिन्यात एका सकाळी गोव्यातल्या आमच्या गावच्या तळ्यातले मासे मरून वर आले. बांधाच्या कडेने पांढरा पट्टाच लागला होता. शेजारच्या काकी कपडे धुवायला गेलेल्या, त्या बालदी घेऊन तशाच परत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, पाण्याला हात लावू नको, घाण वास मारतोय." मी तिथूनच आमच्या पंचायतीत फोन लावला. तिथं सांगितलं, तळं आमच्या हद्दीत आहे पण घाण व्हाळातून (ओढ्यातून) येते, वरच्या गावाला विचारा. वरच्या गावात म्हणाले, आमच्याकडे तळंच नाही. मधल्या पंचायतीने लेखी अर्ज मागितला. यात तीन दिवस गेले आणि तोवर वाड्यावरच्या मुलांनी खड्डा खणून मासे पुरले पण.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मासे पहाटेच का मरतात माहिती आहे? सांडपाण्यातून, साबणातून आणि शेतातल्या खतातून फॉस्फरस आणि नायट्रोजन तळ्यात उतरतं, त्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. दिवसा उन्हात हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं, वर मेलेलं शेवाळ कुजताना आणखी ओढलं जातं, मे महिन्यात पाणी कमी आणि गरम, म्हणजे पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. कुणी विष घातलं अशी अफवा आमच्याकडे पण उठली होती. विष घालायला कुणी यायची गरजच नव्हती, रोज थोडं थोडं आपणच घालत होतो.

आता हे येतं कुठून बघा. वरच्या गावात गेल्या काही वर्षांत डोंगराच्या उतारावर बंगले आणि फ्लॅट उभे राहिले. बांधकामाचं लायसन पंचायत देते, प्लॅनवर सेप्टिक टँक आणि सोकपिट (पाणी जिरवायचा खड्डा) असतंच, पण आपला जांभा दगड भोकाभोकांचा, सोकपिट नीट नसेल तर त्यातलं पाणी न गाळता सरळ खाली व्हाळात येतं. मधल्या गावात बाजार, चिकनची दुकानं, हॉटेलं. शिवाय रात्री टँकर येऊन व्हाळात मैला ओतून जातो ते मी स्वतः दोनदा पाहिलंय. आणि आम्ही? आमच्या वाड्यावरचं साबणाचं पाणी आणि वायंगण (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) शेतातलं खत तळ्यातच जातं, ते मी लपवणार नाही.

मग एकटी आमची पंचायत काय करणार? गाळ काढेल, जलपर्णी काढेल, बोर्ड लावेल. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वरची वर्षभराची घाण परत खाली. पूर्वी गावकारीने (गावाच्या जुन्या सामूहिक संस्थेने) बांध आणि मानस (पाणी सोडायची दारं) सांभाळले, पाणी कधी सोडायचं ते ठरवलं, पण तेव्हा प्रश्न पाणी किती याचा होता. आता पाणी कसलं याचा आहे, आणि तो एका गावात सुटत नाही. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ४२ हेक्टरचं ते तळं, गोव्यातलं पहिलंच, मला मनापासून आनंद झाला. पण यादीत तळ्याचं नाव येतं, उतारावरच्या घरांचं येत नाही.

फ्रान्समध्ये आनसी नावाचं तळं आहे. तिथं पण काठावरच्या गावांचं सांडपाणी तळ्यातच जायचं. सर्वेताझ नावाचे एक डॉक्टर वर्षानुवर्षं लोकांना सांगत राहिले की हे तळं मरतंय, आणि शेवटी १९५७ मध्ये काठावरच्या आठ गावांच्या स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन एक मंडळ केलं आणि तळ्याभोवती सांडपाण्याची गोल वाहिनी टाकली. आज ते युरोपातल्या सगळ्यात स्वच्छ तळ्यांत धरतात. आपल्याकडे एवढा पैसा नाही हे कबूल. पण एकत्र बसायला कुठं पैसा लागतो? म्हादई नदीच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी लवादापर्यंत गेलो, ते बरोबरच होतं, आणि इथं एका व्हाळावरच्या तीन पंचायती एका टेबलाला बसत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. या तिन्ही समित्यांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसावं. व्हाळ जिथं एका गावातून दुसऱ्यात शिरतो तिथंच पाणी तपासावं, म्हणजे कुठं बिघडतं ते कळेल आणि एकमेकांवर ढकलणं बंद होईल. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे ठरलेले आहेत, ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी हवा, बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या वर नको, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला २५०० च्या वर अजिबात नकोत. हे आकडे तिन्ही पंचायतींच्या नोटीस बोर्डावर लागू देत. आणि टँकर कुठं भरला, कुठं रिकामा केला याची नोंद तिघांकडे हवी.

आणखी एक, यावर माझ्याच गावचे लोक चिडतील. वरच्या गावात ज्यांना सेप्टिक टँक दुरुस्त करणं खरंच परवडत नाही अशांसाठी आमच्या पंचायतीने पण वाटा द्यावा. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये डोंगरातल्या गावांशी करार करून तिथल्या टाक्यांच्या दुरुस्तीला पैसे दिले, कारण त्यांचं पिण्याचं पाणी तिथून येतं. खाली राहणाऱ्याने वरच्याला नुसत्या शिव्या घातल्या तर वरचा कशाला ऐकेल? बंगलेवाल्यांना मात्र एक पैसाही नको, त्यांच्याकडून नियमाप्रमाणे करूनच घ्यावं.

येत्या रविवारी आमची ग्रामसभा आहे. मी हे पत्र तिथं वाचणार आहे, बाकीच्या दोन्ही पंचायतींच्या सचिवांकडे पण प्रत दिलीय आणि इनवर्ड नंबर घेऊन ठेवलाय. काकी म्हणाल्या त्या पण येणार, मासे पुरणारी मुलं पण येणार. वरच्या आणि मधल्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर तुमची ग्रामसभा कधी आहे ते कमेंटमध्ये कळवा, परवानगी दिलीत तर तिथं पण येऊन बोलेन.