डोळा माझा, धीर मित्रांचा

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला, तेव्हा बायको नुसती "बरं" म्हणाली. म्हापशाच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खाताना मित्रांना सांगितलं, तर तिघांचेही हात बशीतच थांबले. "भियेव नाका रे!" पोस्टातले भाऊ म्हणाले. तोवर मी भ्यालो नव्हतो.

"पंधरा-वीस मिनिटांचं काम," निवृत्त मास्तरांनी समजावलं. "थेंब घालून डोळा बधिर करतात. दुखत नाही. फक्त सगळं ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"ते आत्ता नको. खा तू."

पेशंटबरोबर एकानेच यावं, असं दवाखान्यातून बजावलं होतं. तिघेही तो 'एक' म्हणून हजर झाले. बायकोने फाइल मास्तरांच्या हाती दिली आणि दार लावून घेतलं.

पर्वरीला गाडी खोळंबली, तेवढ्यात तिसऱ्या मित्राने, भाईंनी, आपल्या साडूच्या डोळ्याचं संपूर्ण चरित्र सांगितलं. मांडवीवर आलो की भाऊंना 5 जुलै 1986 आठवतोच. त्या दिवशी जुना पूल कसा कोसळला, मग फेरीबोटीला केवढी झुंबड उडायची, हे त्यांनी ऑपरेशनला निघालेल्या माणसाला ऐन पुलावर ऐकवलं.

"आता तीन पूल आहेत," मास्तर म्हणाले. "एक गेला तरी दोन उरतात."

मग माझ्या डोळ्यांकडे बघून ते एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. हिशेब मीही केलाच होता.

दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर चढलेलं निघालं. अनुभवी नर्सने तिघांना चहाला पिटाळलं. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तर अगदी ठीक.

ऑपरेशन झालं, त्याच दिवशी घरी आलो. खरी शिक्षा नंतरची. थेंबांची वेळ झाली की तिघांचे फोन लागोपाठ येत. फोन घेता घेता थेंब राहायचे, ते बायको घाली. संध्याकाळी मास्तर पेपर वाचून दाखवायला येत आणि सुरुवात निधनवार्तांपासून करत. प्रत्येक नावाला थांबून विचारत, "हा आपल्यातला का रे?" माझा उजवा डोळा उघडाच होता, पेपर मला वाचता येत होता. पण ते चष्मा पुसून, घसा खाकरून असे काही बसत, की सांगवलं नाही.

उजव्या डोळ्याची तारीख मात्र मी कुणालाच कळू दिलेली नाही. काल भाऊंचा फोन आला: गाडी ठरली आहे, भाईंचा साडूही येतो म्हणतोय.