‘एका गद्दारानं ग्रीसचा घात केला’ म्हणे!

‘इराणचा सम्राट चालून आला तेव्हा सगळा ग्रीस एक झाला. ३०० स्पार्टन वीरांनी दहा लाखांची फौज रोखली. पण एका गद्दारानं घात केला.’ हा मजकूर कधीपासून फिरतोय. आता भाचीनं तो शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतलाय, म्हणून उत्तर द्यावं लागतंय. इ.स.पू. ४८०च्या या स्वारीसाठी आपला मुख्य आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. त्याच्या इतिहासाचं नुसतं सातवं पुस्तक वाचलं तरी यातलं फार थोडं शिल्लक राहतं.

‘सगळा ग्रीस एक झाला.’ साफ खोटं. इराणचा सम्राट झर्क्सिस यानं आशिया मायनरमधल्या सार्डिसहून दूत पाठवून ‘माती आणि पाणी’ मागितलं. ते देणं म्हणजे सम्राटाचं स्वामित्व मान्य करणं. कोणी दिलं? थेसली, लोक्रिस, मॅग्नेशिया, मॅलिस, थीब्ज, आणि थेस्पिया व प्लॅटिया वगळता उरलेलं सगळं बिओशिया. ग्रीकांच्या विजयानंतर डेल्फीच्या देवस्थानात उभारलेल्या नागस्तंभावर लढणाऱ्या राज्यांची नावं कोरली, ती ३१. ग्रीक नगरराज्यं शेकड्यांनी होती. स्तंभाचा उरलेला भाग आजही इस्तंबूलमध्ये आहे, ज्याला शंका असेल त्यानं नावं मोजावीत.

बाकीच्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, आणि प्रत्येकाकडे कारण होतं. आर्गोसचे ६,००० लोक थोड्याच वर्षांपूर्वी स्पार्टानं मारले होते. त्यांनी मदतीसाठी दोन अटी घातल्या: स्पार्टाशी तीस वर्षांचा तह आणि निम्मं सेनापतिपद. स्पार्टाचं उत्तर होतं, आमचे राजे दोन, तुमचा एक. त्याला आमच्या प्रत्येक राजाइतकंच एक मत मिळेल. आर्गोस घरी बसलं. सिसिलीतल्या सिराक्यूजचा सत्ताधीश गेलॉन यानं २०० युद्धनौका आणि २०,००० पायदळ देऊ केलं, पण नेतृत्व मागितलं. निदान आरमाराचं तरी द्या म्हणाला, तर अथेन्सनं नकार दिला. मग त्यानं आपला माणूस पैसे घेऊन डेल्फीला बसवला: झर्क्सिस जिंकला तर नजराणा आणि माती-पाणी द्यायचं, हरला तर पैसे परत आणायचे. कोर्सिरा बेटानं ६० जहाजं काढली, ती पेलोपोनीसच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, दक्षिण टोकापाशी रेंगाळत ठेवली, आणि नंतर वाऱ्यावर खापर फोडलं.

थेसलीला तर सरसकट फितूर म्हणणं अन्याय आहे. लारिसाच्या अल्युआड घराण्यानं झर्क्सिसला आपणहून बोलावलं होतं, हे खरं. पण बाकीच्या थेसलीकरांनी इस्थमसला, म्हणजे पेलोपोनीसला जोडणाऱ्या अरुंद भूपट्टीवर, येऊन मित्रराज्यांकडे फौज मागितली. थेसलीच्या उत्तर वेशीवरच्या टेंपीच्या खिंडीत १०,००० पायदळ आलंही. मात्र आत यायला दुसरी वाट आहे हे कळताच ते थोड्याच दिवसांत परतलं. उघड्या मैदानावर एकट्या पडलेल्या थेसलीनं इराणची बाजू धरली.

आता ‘एकच गद्दार’. मला सर्वांत घातक वाटतो तो हाच दावा, कारण तो वरचं सगळं राजकारण झाकून टाकतो. स्पार्टन जिथे लढले त्या थर्मोपिली खिंडीला वळसा घालणारी डोंगरवाट इराण्यांना एफिआल्टिसनं दाखवली, असंच हिरोडोटस मानतो. पण हा माणूस मॅलिसचा, आणि मॅलिसनं आधीच माती-पाणी दिलेलं. त्याचं राज्यच झर्क्सिसच्या बाजूला होतं! शिवाय ती वाट मोकळी नव्हती. तिथे १,००० फोकियन, म्हणजे थेसलीच्या शेजारच्या फोकिस प्रदेशातले ग्रीक, पहाऱ्यावर होते. इराणी समोर आले तेव्हा हल्ला आपल्यावरच आहे असं समजून ते शिखराकडे सरकले, आणि इराणी त्यांना बाजूला ठेवून खाली उतरले. हे फोकियन तरी ग्रीसच्या प्रेमानं उभे होते का? हिरोडोटस स्पष्ट लिहितो: थेसलीच्या द्वेषापायी. थेसली ग्रीकांकडून लढली असती, तर फोकियन इराणकडे गेले असते.

‘३०० जण’ हा आकडा फक्त स्पार्टन नागरिकांचा. खिंडीत सुरुवातीला पाच हजारांहून जास्त ग्रीक होते. शेवटच्या दिवशीही थेस्पियाचे ७०० स्वखुशीनं थांबले आणि मेले. त्यांचं नावही कोणी घेत नाही. थीब्जचे ४०० होते, त्यांना स्पार्टाचा राजा लिओनिडास यानं ओलीस म्हणून ठेवलं असं हिरोडोटस म्हणतो. बिओशियाचाच असलेला, नंतरच्या काळातला लेखक प्लुटार्क हे धुडकावतो, आणि मला त्याचा युक्तिवाद पटतो: ओलीस धरायला जवळ माणसं हवीत, लिओनिडास तर त्या वेळी माणसं परत पाठवत होता. ‘दहा लाखां’बद्दल इतकंच, की एवढ्या तोंडांना धान्य-पाणी पुरवणं त्या वाटेवर शक्यच नव्हतं.

एक गोष्ट मान्य करतो. ४८१ला इस्थमसच्या बैठकीत आपापसातली युद्धं थांबवायचं ठरलं, अथेन्स आणि इजायनाचं जुनं वैर मिटलं. सर्वांत जास्त जहाजं अथेन्सची असूनही त्यांनी स्पार्टाच्या युरिबायडिसचं नेतृत्व पत्करलं. ही एकी होती, पण किती तकलादू! ४७९मध्ये इराणी सेनापती मार्डोनियसनं मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर याला अथेन्सकडे धाडून तह देऊ केला. घाबरलेल्या स्पार्टानं लगेच दूत पाठवले, अथेन्सनं तह नाकारला. मग मार्डोनियस चालून आला, अथेन्सला शहर दुसऱ्यांदा सोडावं लागलं, आणि स्पार्टा दहा दिवस ‘उद्या सांगतो’ म्हणत राहिला. इस्थमसची भिंत तोवर बांधून होत आली होती. अखेर पेलोपोनीसमधल्याच टेजिया नगराच्या किलिअसनं त्यांना सुनावलं: अथेन्स इराणला मिळालं, तर भिंत कितीही भक्कम असो, पेलोपोनीसचे दरवाजे सताड उघडे आहेत. त्याच रात्री ५,००० स्पार्टन निघाले.