आगळ, 'उणे नऊ' आणि स्यूडोमोनास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कोकमातले रेणू आणि स्यूडोमोनास या जंतूची बायोफिल्म (म्हणजे जंतू पृष्ठभागाला चिकटून धरतात तो थर) या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सर रत्नागिरीकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की संगणकावर रेणू प्रथिनाला चिकटवायचा (याला डॉकिंग म्हणतात), रंगीत चित्र काढायचं आणि खाली चिकटण्याच्या ऊर्जेचा 'उणे नऊ' असा आकडा लिहायचा (जितका जास्त उणे, तितका रेणू घट्ट बसेल असा अंदाज), याला संशोधन म्हणत नाहीत. त्यांच्या विद्यार्थिनींनी नळीत आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घातलं, जंतूंचा थर धरला नाही, विषय संपला.

चित्रांबद्दल मी तुमच्याच बाजूचा. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर २०१० पासून फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे निबंधांचा पूर आलाय. खोलीच्या तापमानाला मोलमागे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे चिकटण्याच्या ताकदीत दहापट फरक. हे प्रोग्रॅम दोन-अडीच किलोकॅलरींनी सहज चुकतात. मग उणे ९.१ वाला पहिला आणि उणे ८.७ वाला पाचवा, ही क्रमवारी कशाच्या जोरावर लावायची? त्यात मोठ्या रेणूला स्पर्शाच्या जागा जास्त, म्हणून त्याचा आकडा आपोआपच चांगला येतो.

गार्सिनॉलचंच बघा. कोकमाच्या सालीतलं हे सगळ्यांचं लाडकं द्रव्य, रेणुभार ६०२. स्यूडोमोनासचे जंतू संदेश-रेणू सोडून एकमेकांना इशारे देतात, आणि थर धरण्यात या इशाऱ्यांचा हात असतो. त्यांचं लासआर हे प्रथिन ज्या संदेश-रेणूची वाट बघत असतं, त्याचा भार २९७. लासआरची खोबण जवळजवळ चहूबाजूंनी बंद असते आणि तो रेणू तिच्यात पुरता गाडला जातो. गार्सिनॉल तिथे मावायचं कसं? प्रोग्रॅम त्याला प्रथिनाच्या बाहेरच्या अंगाला कुठेतरी टेकवतो आणि वर झकास आकडाही देतो. आकडा बघणारा खूश होतो. रेणू नक्की कुठे बसलाय ते बघणारा त्याला यादीतून काढतो. लेखात मी गार्सिनॉल गाळलं ते याच कारणाने, आणि त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत! (स्टॅफिलोकोकस ऑरियसवर ते चालतं याचे प्रयोगशाळेतले अहवाल आहेत. पण तो जंतू वेगळा. त्याला स्यूडोमोनाससारखं बाहेरचं आवरण नसतं.)

संगणकाचा उपयोग मला दिसतो तो इथे, गाळण्यात. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या इम्पॅट या संग्रहात भारतीय औषधी वनस्पतींचे सुमारे १८ हजार रेणू आहेत. ते शुद्ध स्वरूपात विकत घेऊन एकेक तपासायला ना तुमच्या कॉलेजला परवडेल, ना कुणाला. सुपात पाखडलं की कोंडा उडतो. भात काही शिजत नाही, पण न पाखडता कोण शिजवतं? पाखडायच्या आधी सूपही तपासायचं असतं. लासआरच्या स्फटिकरचनेत (प्रथिनाचा स्फटिक करून प्रयोगाने काढलेल्या आकारात) मूळ संदेश-रेणू जिथे सापडला, तिथेच प्रोग्रॅम त्याला परत बसवतो का, हे आधी बघायचं. दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) आत बसला नाही तर पुढचं सगळं रद्द.

खरी खोट तर तुम्ही काढलीच नाहीत. रेणू खोबणीत बसला, तरी त्याने प्रथिन बंद पडतं की उलट चालू होतं, हे डॉकिंग सांगत नाही. लासआर बंद पाडायला म्हणून निवडलेला रेणू त्यालाच चेतवायचा. त्याचा निकाल तुमच्याच टेबलावर लागणार.

आता आगळाकडे. त्याचा सामू (पीएच) दोन-अडीचच्या घरात, म्हणजे चांगलंच आंबट, आणि त्यात मूठमूठ मीठ. असल्या पाण्यात स्यूडोमोनास वाढलाच नाही, तर थर धरणार कोण? जंतू मेले म्हणून थर झाला नाही, की जंतू जिवंत असून त्यांनी थर केला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दुसरी हवी आहे. तुमच्या प्रतिक्रियेत जंतूंच्या वाढीचा आकडा कुठेच नाही. शिवाय समजा आगळातल्या एखाद्या रेणूनेच काम केलं, तर ते रंगाने, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने की आणखी कशाने, हे नळीला कसं विचारणार?

म्हणून माझी सूचना. सालीचा अर्क आधी सात सामूवर आणा. सोबत तेवढ्याच आम्लतेचं सायट्रिक आम्ल, तेही सातवर आणलेलं, आणि तेवढंच मिठाचं पाणी, अशा वेगळ्या रांगा ठेवा. जंतूंची वाढ रोखणारी मात्रा आधी काढा आणि तिच्या निम्म्याहून खालीच काम करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये रात्रभर ठेवल्यावर धुण्याआधी गढूळपणा मोजा. ती झाली वाढ. मग अलगद धुऊन क्रिस्टल व्हायोलेट हा थराला धरणारा जांभळा रंग घाला, पुन्हा धुवा, उरलेला रंग अल्कोहोलमध्ये उतरवून मोजा; तो झाला थर. कोकमाचा लाल रंगही प्लेटला धरतो, म्हणून एक रांग जंतूंशिवाय नुसत्या अर्काची हवीच. तिचा आकडा वजा केला नाही, तर थर आहे त्यापेक्षा जास्त दिसेल आणि चांगला अर्क फुकट बाद होईल.

गढूळपणा तेवढाच राहिला आणि जांभळा रंग कमी भरला, तर मला फोन करा. माझ्या यादीतले छोटे रेणू घेऊन मी येतो, कोणता आधी तपासायचा त्यावर तिथे बसून भांडू. आणि मुलींना सांगा, पाऊस लागायच्या आत रातांब्याची (कोकमाच्या फळाची) थोडी सालं मीठ न लावता सुकवून ठेवा. बाजारातलं आगळ या कामाला नको.