त्या वर्गात आइनस्टाईन नव्हता

ही गोष्ट तुम्हालाही कुणी ना कुणी पाठवली असेलच. एक नास्तिक प्राध्यापक वर्गात विचारतो, "देवाने सगळं निर्माण केलं ना? मग वाईटही त्यानेच निर्माण केलं." वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठतो. "सर, थंडी असते का? नसते. उष्णतेच्या अभावाला आपण थंडी म्हणतो. अंधारही नसतो, तो प्रकाशाचा अभाव. तसंच वाईट नसतं सर, तो देवाचा अभाव." मग तो विचारतो, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का? सरांचा मेंदू तरी कुणी पाहिलाय का? वर्ग हसतो, प्राध्यापक मटकन खाली बसतात. खाली ठळक अक्षरांत: तो मुलगा होता अल्बर्ट आइनस्टाईन! आणि शेवटी एक शेपूट जोडलेलं असतं: नास्तिकता हा शिकलेल्यांचा अहंकार आहे, संकट आलं की हेच लोक हात जोडतात.

आमच्या घरच्या ग्रुपवर ही गोष्ट मामा टाकतात आणि खाली माझं नाव घालून लिहितात, "वाच रे." मी नास्तिक आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. घरच्या गणपतीत मी टाळ वाजवतो आणि मोदकही हाणतो. मामांना ही लबाडी वाटते, मला वाटत नाही; तो वाद जुना आहे आणि चालू राहील. पण ही गोष्ट वाचून मला राग येतो तो नास्तिक म्हणून नाही. हिच्यात नास्तिकांपेक्षा आस्तिकांचाच अपमान जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी आइनस्टाईनचं उरकून टाकू. असा प्रसंग त्याच्या आयुष्यात घडल्याचा कुठलाही पुरावा नाही. स्वतःच्या बौद्धिक प्रवासाबद्दल त्याने लिहून ठेवलंय की लहानपणी तो चांगलाच धार्मिक होता आणि विज्ञानाची सोपी पुस्तकं वाचून ती धार्मिकता वयाच्या बाराव्या वर्षी एकदम संपली. म्हणजे कॉलेजच्या बाकावर पोचण्याच्या कितीतरी आधी. १९२९ मध्ये एका रब्बीने तारेने विचारलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की आपण स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा देव मानतो: विश्वाच्या सुसंगतीत दिसणारा, माणसांच्या नशिबाची उठाठेव न करणारा. १९५४ मध्ये एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात तर त्याने 'देव' हा शब्द मानवी दुबळेपणातून आल्याचं म्हटलं. ते पत्र २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २८.९ लाख डॉलरला गेलं. आता नास्तिकांनीही त्याला खांद्यावर घेऊन नाचू नये. कडव्या नास्तिकांवर त्याने तितकेच फटके मारलेत. आणि समजा तो मुलगा खरंच आइनस्टाईन असता, तरी काय? युक्तिवाद फसका असेल तर तो कुणीही केला तरी फसकाच. गोष्टीच्या काही आवृत्त्यांत तो मुलगा विवेकानंद असतो, काहींत अब्दुल कलाम. ज्याला वादात जिंकायचंय त्याला मोठं नाव लागतं, मग ते कुठलं का असेना.

आता थंडी आणि अंधार. इथे मुलगा बरोबर आहे आणि त्याचे मार्क द्यायला हवेत. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान जात नाही, आणि थंडी नावाचा वेगळा पदार्थ कुठे भरून ठेवता येत नाही. अंधाराचा प्रश्न तर आपल्याकडे या गोष्टीपेक्षा कितीतरी बारकाईने चर्चिला गेलाय. संस्कृत घेऊन बीए केलेल्या कुणालाही विचारा, अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त द्रव्यं नऊ. त्यावर आक्षेप येतो: अंधार काळा दिसतो, सरकतोही, मग ते दहावं द्रव्य का नाही? नैयायिक, म्हणजे न्याय या आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा माणूस, सांगतो, रंग असलेली वस्तू दिसायला उजेड लागतो, अंधार तर उजेड नसतानाच दिसतो. म्हणून तो तेजाचा अभाव. पण गंमत पुढे आहे. नैयायिकाच्या लेखी अभाव हाही एक 'पदार्थ'च, म्हणजे जे जे आहे त्याचा एक प्रकार, त्या यादीतला सातवा. जमिनीवर घडा नाही, हे 'नसणं' खरं असतं आणि ते कळतंही. म्हणजे 'अभाव आहे, म्हणून ते नाहीच' ही जी उडी मुलगा मारतो, ती आपल्याच तर्कशास्त्र्यांनी मारू दिली नसती. तो प्राध्यापक न्याय शिकलेला असता, तर बसला नसता.

खरी लबाडी तिसऱ्या पायरीवर आहे. थंडी अभाव, अंधार अभाव, 'म्हणून' वाईटही अभाव. का म्हणून? दुखणं हे सुखाचं नसणं नव्हे. दुखापतीची वर्दी मेंदूकडे नेणारे चेतातंतू शरीरात वेगळे असतात. जगात अशी थोडी माणसं जन्मतात ज्यांना वेदना जाणवतच नाही. लहानपणी ती जीभ चावून घेतात, हाड मोडलं तरी त्यांना कळत नाही. वेदनेचा अभाव म्हणायचा तर तो हा. ज्याचा अभाव असू शकतो, ते स्वतः अभाव कसं असेल?

आणि आता किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले, आणि पहाटे ३.५६ ला लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. आठ-दहा हजार माणसं गेली. तिकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, उन्हाळ्यात आत गार राहावं म्हणून रचलेल्या मातीचं. ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आमचे मामा तेव्हा सोलापुरात नोकरीला होते. दुसऱ्याच दिवशी ते मदतीच्या ट्रकमधून गेले आणि चार-पाच दिवस तिथेच राहिले. ते सांगतात, एका पडलेल्या घरात मखर तसंच उभं होतं, झुरमुळ्यांसकट, आणि त्याच्या शेजारच्या ढिगातून पोरांना काढत होते. ज्यांनी आदल्या संध्याकाळी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं, त्या घरात देवाचा अभाव होता असं ही गोष्ट सांगते. मी एकदा मामांना हेच विचारलं, "तिथे कुणाला सांगितलंत का, की हे म्हणजे देव नसणं आहे?" मामा म्हणाले, "वेडा आहेस का? तोंड उघडवलं नसतं." मग थोडं थांबून म्हणाले, "कर्माचं पण नाही बोललो कुणाजवळ."

मामांनी कर्माचं नाव काढलं हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या परंपरेचं उत्तर ते आहे. 'वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव' हे मांडून प्रसिद्ध केलं ते चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपने. नास्तिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे असं मला ऐकवणारेच एक ख्रिस्ती युक्तिवाद भगव्या चौकटीत घालून पाठवत असतात, ही मौज कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हाच प्रश्न सरळ विचारलाय: जगात इतकी विषमता आणि इतकं दुःख आहे, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? पूर्वपक्षाला, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याला, कुणी हसत नाही, खाली बसवत नाही. उत्तर येतं की ईश्वर प्राण्यांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात, पाऊस सगळीकडे सारखाच, पीक बियाण्याप्रमाणे. मग पहिलं कर्म कुठून आलं, अशी शंका पुढच्याच सूत्रात घेतलीय, आणि संसार अनादि आहे असं सांगितलंय.

मला हे उत्तर पटत नाही. ढिगाखालच्या तान्ह्या पोराला मागच्या जन्माचा हिशेब लावणं मला जमत नाही. ते भाविकांनाही दर वेळी जमतं असं नाही. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, आणि रवींद्रनाथ काही नास्तिक नव्हते. आपल्या तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. 'माझे लेखी देव मेला' हे शब्द तुकोबांच्याच गाथेत आहेत. विठ्ठलाशी इतकं कडाडून भांडणाऱ्या माणसाच्या मुलखात आपण आस्तिकाची बाजू म्हणून काय पाठवतो, तर थंडी-उष्णतेची कोटी.

'सरांचा मेंदू कुणी पाहिलाय का' यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. एमआरआयमध्ये दिसतो, ऑपरेशनच्या टेबलावरही दिसतो. शिवाय 'दिसत नाही म्हणून नाही' असं आजचा कुठलाही शहाणा नास्तिक म्हणत नाही. फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवेल तेवढंच, मानणारे ते चार्वाक. बाकी सगळ्यांना अनुमान चालतं. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध केला तो अनुमानानेच: घड्याला कर्ता लागतो, तसा पृथ्वीलाही. अशा अनुमानाला उलट उत्तरं बौद्धांनी दिली, आणि वेद शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनाही जगाचा कर्ता ईश्वर मान्य नव्हता. दंतकथा अशी की पुरीला देवळाचं दार बंद मिळालं तेव्हा उदयनाचार्यांनी जगन्नाथालाच सुनावलं: ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध आले की तुझं असणं माझ्यावरच अवलंबून आहे! असा आस्तिक समोर असेल तर वाद घालायला मजा येते.

माकडाचा मुद्दा २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही मांडला होता: माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून तो खोडून काढला. उत्क्रांती एका माकडाच्या आयुष्यात घडत नाही, ती पिढ्यांमध्ये घडते. पिढ्या झटपट सरणाऱ्या जिवांत ती दिसतेही. रिचर्ड लेन्स्की या जीवशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये ई-कोलाय जीवाणूंच्या १२ वसाहती वाढवायला घेतल्या; त्यातल्या एकीला तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर प्राणवायू असतानाही सायट्रेटवर जगता येऊ लागलं. आणि औषधांना दाद न देणारा टीबी मुंबईच्या कुठल्याही छातीच्या डॉक्टरला रोज भेटतो.

राहिलं ते शेपूट. अहंकार आणि संकट, या दोन्ही आरोपांचं उत्तर तेवीस वर्षांच्या एका मुलाने लाहोरच्या तुरुंगात लिहून ठेवलंय, ऑक्टोबर १९३० मध्ये. भगतसिंगाच्या त्या लेखाची सुरुवातच इथून होते की मित्रांना त्याची नास्तिकता गर्वातून आली असं वाटतं. तो ते शांतपणे तपासतो. श्रद्धेने दुःख हलकं होतं, हे कबूल करतो. शेवटच्या दिवसांत तूही मानायला लागशील असं एकाने म्हटलं, त्याला तो नाही म्हणून सांगतो. तसं करणं त्याला स्वतःची मानहानी वाटते. २३ मार्च १९३१ ला त्याला फाशी दिलं, लेख छापून आला त्यानंतर सप्टेंबरात.

आणि ज्यांनी संकटात हात जोडले असे नास्तिकही असतील. घाबरलेला माणूस काय करतो यावरून देव आहे की नाही ते ठरत नाही. तसं असतं तर संकटात देवावरचा विश्वास उडालेल्यांचीही गणती करावी लागेल. मामांच्या मते मात्र माझ्याविरुद्धचा पुरावा त्यांच्याकडे आहे. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यांनी गाणगापूरचा अंगारा आणला होता, आणि मी तो स्वतःच्या हाताने तिच्या कपाळाला लावला. लावला, खरं आहे. ऑपरेशन आईचं होतं, आणि मागितला तिने होता.