पिशवीत चौथा बर्गर नव्हता

गेल्या शनिवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या एका फास्ट फूडच्या दुकानातून मी चार बर्गर पार्सल घेतले. बहीण मुलांना घेऊन डोंबिवलीहून आली होती आणि मुलांना घरची साबुदाण्याची खिचडी नको होती, एवढेच निमित्त. यूपीआयने आधी पैसे भरले, टोकन हातात धरून पंधरा-वीस मिनिटे उभा राहिलो आणि तोंडाला स्टिकर चिकटवलेली कागदी पिशवी घेऊन घरी आलो. उघडली तर आत तीनच बर्गर. घर चालत सात मिनिटांवर असल्यामुळे बिल आणि पिशवी घेऊन तसाच परत गेलो.

काउंटरवरच्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिले आणि तो मॅनेजरला बोलावून घेऊन आला. इथवर काहीच बिघडले नव्हते. मॅनेजरने बिल पाहिले, मग मला पाहिले, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "सर, स्टिकर तर तुम्ही घरीच फोडलाय. घरात कुणी खाल्ला नाही ना, नक्की?"

मी कोण, कुठे नोकरी केली, हे सांगण्याचा मोह मला त्या क्षणी झाला, हे कबूल करतो. पण निवृत्त शिक्षकाचा शब्द खरा आणि रिक्षा चालवणाऱ्याचा शब्द तपासून घ्यायचा, असाच अर्थ त्यातून निघाला असता, म्हणून गप्प राहिलो. मॅनेजर सीसीटीव्ही पाहायला आत गेले आणि मला बाजूला थांबायला सांगितले. टिश्यू पेपर ठेवलेल्या स्टँडजवळ, उघडी पिशवी हातात घेऊन, मी अठरा मिनिटे उभा होतो. रांगेत आमच्या सोसायटीतल्या एक ताई होत्या, त्यांनी "काय झालं, काका?" असे विचारले, तेव्हा "काही नाही, एक बर्गर राहिलाय" एवढे सांगतानाही माझा आवाज मलाच ओशाळलेला वाटला.

मॅनेजर बाहेर आले ते माझ्याकडे न पाहताच त्या मुलाला म्हणाले, "द्या यांना एक." चित्रणात काय दिसले, चूक कुणाची होती, यावर एक अक्षर नाही. संशय सगळ्यांसमक्ष घेतला गेला आणि त्याचे निरसन मात्र आतल्या खोलीत, माझ्या गैरहजेरीत उरकले गेले. रांगेतल्या लोकांच्या लेखी मी अजूनही फुकट बर्गर उकळून गेलेला गृहस्थ असेन.

तपासणीला माझा विरोध नाही. खोटे बोलणारी गिऱ्हाइके असतात; पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेण्याचे प्रकार झाले आहेत, आणि रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे स्पीकर पानाच्या टपरीपर्यंत का पोहोचले, तेही मला कळते. परंतु पैसे आल्याची ग्वाही द्यायला दुकानदाराजवळ यंत्र आहे, आणि माल पूर्ण मिळाला की नाही हे सिद्ध करायला माझ्याजवळ काय आहे? तो स्टिकर. तो फोडल्याशिवाय पिशवीत काय आहे ते समजत नाही, आणि फोडला की तोच माझ्याविरुद्ध पुरावा ठरतो. ठाणे स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर ऐन गर्दीत लोक आधी खातात, मग गाडीवाला "किती झाले?" विचारतो आणि गिऱ्हाइक सांगेल तेवढ्याचे पैसे घेतो. त्यालाही कुणी ना कुणी फसवत असेलच. तरी तो विचारतो, मोजत बसत नाही.

चौथा बर्गर देताना तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, हिशेबात कमी पडलं तर आमच्याकडून कापतात." तेव्हा माझे लक्ष वर गेले. कॅमेऱ्याचे तोंड गिऱ्हाइकांकडे नव्हतेच. ते गल्ल्याकडे आणि पिशव्या भरणाऱ्या हातांकडे होते. म्हणजे मला एकदा सोसावा लागलेला संशय तो मुलगा रोज सोसतो, आणि त्या अठरा मिनिटांत माझ्याइतकीच त्याचीही चौकशी चालली होती.

शेजाऱ्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करण्याचा सल्ला दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बर्गर मला मिळाला होता, आणि नुकसानभरपाई मला नको होती. म्हणून कंपनीला ईमेल करून दोनच गोष्टी मागितल्या: स्टिकर लावण्यापूर्वी पिशवीतले पदार्थ गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवावेत, आणि गिऱ्हाइकावर चारचौघांत शंका घेतली असेल तर ती खोटी ठरल्याचेही चारचौघांतच सांगावे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात या दोन्ही मागण्यांचा उल्लेख नव्हता. पुढच्या ऑर्डरवर वीस टक्के सवलतीचे कूपन होते. ते मी वापरलेले नाही. भाच्यांनी मात्र त्याची मुदत कधीपर्यंत आहे, याची फोनवर चौकशी करून ठेवली आहे.