मोहन बागान जिंकले म्हणून राजधानी हलली नाही

कलकत्त्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबाविषयीचा एक संदेश अनेक वर्षे फिरतो आहे आणि आजवर मी त्याकडे काणाडोळा करीत आलो. परंतु यंदा तो माझ्या भाचीच्या शाळेतील भाषणात शब्दशः जाऊन बसला, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले. संदेशाचा आशय असा : क्रांतिकारकांनी १५ ऑगस्ट हा दिवस हेतुपूर्वक निवडून हा क्लब स्थापन केला, १९११ साली त्याच्या अकरा अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला हरवले, त्या धसक्याने इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली, आणि त्यानंतर एकाही ब्रिटिश संघाचा या क्लबापुढे टिकाव लागला नाही.

यांतील राजधानीचा दावा सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वांत घातकही. संदेशातील तो सामना, म्हणजे आयएफए शिल्ड या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, झाला २९ जुलै १९११ रोजी. राजधानी दिल्लीला न्यावी आणि बंगालच्या फाळणीचा फेरविचार करावा, ही योजना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील गृहखात्याचे सदस्य सर जॉन जेंकिन्स यांनी आपल्या टिपणात मांडली ती १७ जून १९११ रोजी, म्हणजे अंतिम सामन्याच्या सहा आठवडे आधी, जेव्हा त्या वर्षीच्या शिल्डमधील मोहन बागानचा पहिला सामनाही व्हायचा होता. जुलैत घडणाऱ्या पराभवाचा धसका सरकारने जूनमध्येच कसा घेतला, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना अधिकृत खलिता पाठवला तो मात्र २५ ऑगस्टला, सामन्यानंतर महिन्याच्या आत, एवढे मान्य करावे लागेल. तारखांच्या या जवळिकीवरच बहुधा सारा डोलारा उभा राहिला आहे. पण तो खलिता गुप्त राहिलेला नाही, पुढे प्रसिद्धही झाला, आणि त्यातील कारणे राज्यकारभाराची आहेत. साम्राज्याच्या पूर्वेकडील एका टोकाला असलेले कलकत्ता देशाच्या कारभारासाठी गैरसोयीचे आहे, मध्यवर्ती सरकार आणि बंगालचे प्रांतिक सरकार एकाच शहरात असू नये, १९०९ च्या सुधारणांनंतर कायदेमंडळांचे महत्त्व वाढत जाणार आहे, बंगालची फाळणी सलत राहिली आहे, दिल्ली सिमल्याला जवळ आहे आणि हिंदू व मुसलमान या दोघांच्याही मनात तिला ऐतिहासिक स्थान आहे, अशी ती मांडणी आहे. फुटबॉल त्यात कोठेही नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने जी घोषणा केली, ती या पत्रव्यवहाराचे फळ होती.

घातक एवढ्यासाठी म्हणालो की, या कथेत १९०५ ते १९११ ही सहा वर्षे सरळ गिळली जातात. फाळणीविरुद्धच्या सभा, विलायती मालावरील बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षणाचे प्रयत्न, हद्दपाऱ्या आणि खटले यांनी सरकारला जेरीस आणले होते. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल १९०८ मध्ये शिक्षा झालेले लोकमान्य टिळक हा सामना खेळला जात असताना मंडालेच्या तुरुंगात होते, याचा तरी मराठी माणसाला विसर पडू नये. शिवाय राजधानी जाणे हा बंगालचा विजय कसा? फाळणी रद्द होणे हे आंदोलनाचे यश होते, पण राजधानी गेल्याने कलकत्त्याचे नुकसानच झाले. ते विजयाच्या खात्यात जमा करण्याचा पराक्रम हा संदेशच करू जाणे.

अनवाणी खेळाडूंची गोष्ट बरीचशी खरी आहे. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने आधी गोल केला, कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली, अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला आणि सामना २-१ असा संपला. मात्र अनवाणी होते ते दहा जण. अकरावे सुधीर चटर्जी बूट घालून खेळले. त्या विजयाने लोकांच्या मनाला जी उभारी मिळाली ती खोटी नव्हती, हेही मी नाकारत नाही. पण गोऱ्या संघाला हरवणारा हा पहिला हिंदी क्लब नव्हे. शोभाबाजार क्लबने १८९२ मध्येच ट्रेड्स चषकात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले होते.

स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची, हे बरोबर आहे. परंतु स्वातंत्र्याची तारीख अठ्ठावन्न वर्षे आधी हेरून ठेवणारे क्रांतिकारक कोणत्याही देशात झाले नसतील. उत्तर कलकत्त्यातील एका बागबंगल्यात सुरू झालेला हा मोहल्ल्याचा क्लब होता, भूपेंद्रनाथ बसू हे त्याचे पहिले अध्यक्ष होते, आणि नावातील ‘स्पोर्टिंग’ काढून ‘अ‍ॅथलेटिक’ करावे ही सूचना प्रेसिडेन्सी कॉलेजातील रो नावाच्या इंग्रज प्राध्यापकाची होती.

उरला पुढील अजिंक्यपणाचा दावा. १९२३ मध्ये मोहन बागान पुन्हा शिल्डच्या अंतिम सामन्यात पोहोचले आणि गोऱ्यांच्या कलकत्ता फुटबॉल क्लबकडून ३-० असे हरले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यात डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे नमवले. १९११ नंतर शिल्ड जिंकणारा दुसरा हिंदी संघ ठरला तो १९३६ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग. कलकत्ता लीगही त्यांनीच १९३४ पासून सलग पाच वर्षे जिंकली. मोहन बागानला पहिली लीग १९३९ मध्ये मिळाली, दुसरी शिल्ड १९४७ मध्ये आणि रोव्हर्स चषक १९५५ मध्ये.